डॉयल यांनी एदलजींना ‘सोडवले’ नव्हते

१/
शेरलॉक होम्सच्या जन्मदात्याची एक गोष्ट समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागते. इंग्लंडमधील एक निरपराध भारतीय तरुण जनावरे कापल्याच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात खितपत पडलेला असतो. तो सर आर्थर कॉनन डॉयल यांना पत्र लिहितो. डॉयल येतात, एका दृष्टिक्षेपात त्याचे निर्दोषत्व ओळखतात, खरा गुन्हेगार हुडकून काढतात, तरुणाला सोडवतात आणि जाता जाता इंग्लंडला फौजदारी अपील न्यायालयही मिळवून देतात. शेवटी पाइप ओढणाऱ्या होम्सचे चित्र आणि खाली टाळ्यांचा कडकडाट.

२/
गोष्ट सुरेख आहे, पण तिच्यातले खरे फार थोडे. डॉयल भेटले तेव्हा तो तरुण तुरुंगात नव्हता. खरा गुन्हेगार कायद्यासमोर कधीच आला नाही. सरकारने त्याला पूर्ण निर्दोष म्हटले नाही, एक पेनीही दिली नाही. अपील न्यायालय एका लेखकामुळे आले नाही, आणि आले तेव्हा या माणसाच्या उपयोगी पडले नाही. गुप्तहेरकथेचा शेवट उचलून इतिहासाला चिकटवला की काय होते, याचा हा उत्तम नमुना आहे. म्हणून हा धागा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

३/
प्रथम त्या ‘भारतीय तरुणा’विषयी. जॉर्ज एदलजी यांचा जन्म १८७६ चा, इंग्लंडमधला. त्यांचे सारे आयुष्य तिथेच गेले. वडील शापुरजी एदलजी मात्र मुंबईचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, गुजराती-इंग्रजी शब्दकोश रचला आणि पुढे इंग्लंडला जाऊन ते अँग्लिकन धर्मोपदेशक झाले. १८७६ मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातील ग्रेट वायर्ली या गावाचे ते व्हिकर, म्हणजे तेथील चर्चचे मुख्य धर्मगुरू, नेमले गेले. पत्नी शार्लट इंग्रज.

४/
कोळशाच्या खाणी, शेते आणि खाणकामगारांची वस्ती असे ते गाव. रविवारी व्यासपीठावरून प्रवचन करणारा गुरू मुंबईचा पारशी, हे चित्र त्या काळात डोळ्यांसमोर आणून पाहावे. १८९२ मध्ये मुंबईचेच दुसरे पारशी, दादाभाई नौरोजी, लंडनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले. त्यापूर्वी पंतप्रधान सॉल्झबरी यांनी त्यांच्या वर्णावरून जाहीर हेटाळणी केली होती, ती प्रसिद्धच आहे. नौरोजींच्या विजयाची कहाणी आपण अभिमानाने सांगतो. त्याच वर्षी एदलजींच्या दारात निनावी पत्रांचा दुसरा सुळसुळाट सुरू झाला होता, हे कोणी सांगत नाही.

५/
ही पत्रे १८९२ ते १८९५ अशी तीन वर्षे येत राहिली. शिवीगाळ, धमक्या, खोट्या जाहिराती, एदलजींच्या नावाने दुकानदारांना परस्पर दिलेल्या ऑर्डरी. एकदा वॉल्सॉल येथील शाळेची एक मोठी किल्ली दाराशी आणून टाकलेली सापडली. कुटुंब पोलिसांकडे गेले. परगण्याचा पोलीसप्रमुख कॅप्टन जॉर्ज ॲन्सन, लिचफील्डच्या अर्लचा पुत्र. त्याने निष्कर्ष काढला की हा सारा उद्योग घरातल्याच थोरल्या मुलाचा, म्हणजे जॉर्जचा आहे. मुलाने कितीही नाकारले तरी आपण विश्वास ठेवणार नाही, असे त्याने वडिलांना लेखी कळवले. जॉर्ज तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते.

६/
हे ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व घटनांची मुळे इथे आहेत. ॲन्सनने एका मुलाविषयी मत बनवले आणि दहा वर्षे ते कुरवाळत ठेवले.

७/
तो मुलगा मोठा होऊन काय झाला? बर्मिंगहॅममध्ये कायदा शिकला, परीक्षांत पारितोषिके मिळवली, सॉलिसिटरची सनद घेतली, आणि १९०१ मध्ये रेल्वे प्रवाशाच्या कायदेशीर हक्कांवर सामान्य वाचकासाठी एक छोटे पुस्तक लिहिले. दारू नाही, तंबाखू नाही, मैदानी खेळ नाहीत. रोज सकाळच्या गाडीने कचेरीत आणि संध्याकाळच्या गाडीने घरी. रात्री वडिलांच्याच खोलीत झोप. खोलीचे दार वडील आतून कुलूप लावून बंद करीत.

८/
१९०३ च्या फेब्रुवारीपासून ग्रेट वायर्लीच्या परिसरात रात्री कोणीतरी घोडे, गाई, मेंढ्या यांची पोटे धारदार शस्त्राने चिरू लागले. जखमा उथळ पण लांब; जनावर रक्तस्रावाने मरे. गाव भेदरले. पुन्हा निनावी पत्रे आली, आणि त्यांत हे काम करणाऱ्या टोळीतील एक म्हणून जॉर्ज एदलजींचेच नाव होते. १८ ऑगस्टच्या सकाळी खाणीचा एक तट्टू शेतात चिरलेल्या अवस्थेत आढळला. त्याच दिवशी जॉर्जना बर्मिंगहॅमच्या कचेरीतून अटक झाली.

९/
पुरावा काय होता, तो नीट पाहण्यासारखा आहे. पहिला पुरावा म्हणजे घरातून जप्त केलेल्या कोटावर तट्टूचे २९ केस मिळाले. आई, वडील आणि बहीण मॉड यांनी सांगितले की पोलिसांनी कोट हातात घेतला तेव्हा त्यावर केस नव्हते. कोट तपासणीस डॉक्टरकडे गेला त्याच सुमारास मेलेल्या तट्टूच्या कातडीचा तुकडाही तपासणीसाठी गेला होता. दुसरा पुरावा शेतातल्या बुटांच्या ठशांचा. ठशांचा साचा कोणी घेतला नाही. बूट मातीत दाबून ‘जुळतो’ असे ठरवले, आणि तोवर त्या शेतात बघ्यांची झुंबड उडून गेली होती.

१०/
तिसरा पुरावा हस्ताक्षराचा. तज्ज्ञ टॉमस गरिन यांनी शपथेवर सांगितले की निनावी पत्रे जॉर्ज यांनीच लिहिली. म्हणजे स्वतःवर गुन्ह्याचा आळ घेणारी पत्रे एका वकिलाने स्वतःच पोलिसांना पाठवली! हेच गरिन १८९६ मध्ये ॲडॉल्फ बेक नावाच्या नॉर्वेजियन गृहस्थाविरुद्ध अशाच खात्रीने बोलले होते. बेक निर्दोष होता, हे १९०४ मध्ये सिद्ध झाले. तोवर जॉर्ज यांच्या शिक्षेचे एक वर्ष होत आले होते.

११/
गुन्ह्याच्या वेळेचा प्रश्न तर हास्यास्पद होता. आधी फिर्यादी पक्षाचे म्हणणे, कृत्य संध्याकाळी झाले. त्या वेळी जॉर्ज कुठे होते हे अनेकांनी पाहिले होते, आणि पशुवैद्याच्या मते जखम ताजी होती. मग वेळ मध्यरात्रीनंतरची झाली. त्या वेळी ते कुलूपबंद खोलीत, हलकी झोप असलेल्या वडिलांच्या शेजारी झोपलेले. वडिलांनी साक्ष दिली. न्यायासनाला एका व्हिकरची शपथ पुरेशी वाटली नाही. व्हिकर गोरा असता तर वाटली असती का, हा प्रश्न मी वाचकांवर सोडत नाही; माझे उत्तर स्पष्ट आहे. वाटली असती.

१२/
ऑक्टोबर १९०३ मध्ये स्टॅफर्डच्या सत्र न्यायालयात सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. जॉर्ज कोठडीत असतानाही जनावरे चिरली जात होती. त्यावर पोलिसांचे उत्तर तयार होते: ते टोळीतल्या दुसऱ्याचे काम. निर्दोषत्वाचा पुरावाही अपराधाचा पुरावा ठरवणारे हे तर्कशास्त्र आपल्या काळालाही अनोळखी नाही.

१३/
योगायोग असा की त्याच ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्स मृत्यूच्या दाढेतून परत आला. १८९३ मध्ये डॉयल यांनी त्याला धबधब्यात लोटून संपवले होते. दहा वर्षांनी, प्रकाशकांच्या भरघोस मोबदल्यापुढे, पुन्हा जिवंत केले. इंग्लंडच्या घराघरांत लोक काल्पनिक गुप्तहेराच्या पुनरागमनाचा आनंद घेत होते, त्या आठवड्यांत एक खरा माणूस तुरुंगात जात होता.

१४/
आता डॉयल. एडिंबरात १८५९ साली जन्मलेला, व्यसनी बापाच्या घरात वाढलेला, डॉक्टरी शिकलेला माणूस. पहिली होम्स कादंबरी १८८७ मध्ये छापून आली, ती सर्व हक्कांसह २५ पौंडांना विकून. १८९१ मध्ये व्हिएन्नात काही काळ नेत्रवैद्यक शिकून लंडनला नेत्रतज्ज्ञाचा दवाखाना थाटला. रुग्ण फिरकले नाहीत, आणि रिकाम्या वेळात होम्सच्या कथा लिहिल्या गेल्या. (रुग्णांच्या या अनुपस्थितीबद्दल मराठी वाचकानेही कृतज्ञ राहावे. आपल्यापैकी कित्येकांची होम्सशी पहिली ओळख भालबा केळकरांच्या अनुवादांतून झाली.)

१५/
डॉयल बंडखोर नव्हते, ही गोष्ट आपल्या नायककथा गाळून टाकतात. ते साम्राज्याचे निष्ठावंत होते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याने शेते जाळली, बायका-मुलांना छावण्यांत कोंडले. जगभर टीका झाली, तेव्हा सरकारच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहून ती अनेक भाषांत वाटणारे डॉयलच. १९०२ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, तीत या पुस्तिकेचा वाटा मोठा होता. ब्रिटिश राज्ययंत्रणा मुळात सज्जन आहे, चूक दाखवून दिली की ती सुधारते, ही त्यांची श्रद्धा होती. एदलजी प्रकरणात ते उतरले ते हीच श्रद्धा घेऊन.

१६/
आणि ते उतरण्यापूर्वी तीन वर्षे इतर लोक लढत होते! नायककथेत यांना जागाच नसते. बहामा बेटांचे माजी मुख्य न्यायाधीश आर. डी. येल्व्हर्टन यांनी फेरविचारासाठी अर्ज तयार केला. त्यावर सुमारे दहा हजार सह्या झाल्या, त्यांत वकिलांच्याच सह्या शेकड्यांनी होत्या. ‘ट्रूथ’ या साप्ताहिकाने प्रकरण लावून धरले. शापुरजींनी खटल्यातील अन्यायावर स्वतः पुस्तिका काढली. गावात राहायचे, ज्या लोकांनी मुलाला गुन्हेगार मानले त्यांनाच दर रविवारी उपदेश करायचा, आणि रात्री बसून मुलाच्या बचावाचे लेखन करायचे. या म्हाताऱ्या मुंबईकराच्या धैर्यावर मला आजवर एकही धागा दिसलेला नाही.

१७/
या दबावामुळे ऑक्टोबर १९०६ मध्ये, तीन वर्षांनी, जॉर्ज यांना सोडण्यात आले. का सोडले, याचे कारण दिले नाही. माफी नाही, दोषमुक्ती नाही, सनद गेलेली, आणि पोलिसांची नजर कायम. सुटून आल्यावर त्यांनी आपली हकिगत एका वृत्तपत्रात लिहिली आणि ती डॉयल यांच्याकडे पाठवली. डॉयल यांच्या पहिल्या पत्नीचे त्याच वर्षी जुलैत निधन झाले होते. ते खचलेले होते. त्या कागदांनी त्यांना कामाला लावले.

१८/
दोघांची भेट चेअरिंग क्रॉसच्या ग्रँड हॉटेलात झाली. डॉयल यांना उशीर झाला होता. जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसले होते, कागद डोळ्यांना जवळजवळ टेकवून, तिरका धरून. नेत्रवैद्याला पुढचे सांगावे लागले नाही: उणे आठच्या आसपासचा नंबर, जोडीला तिरपा नंबर, आणि चष्मा नाही. हा माणूस अंधाऱ्या, पावसाळी रात्री, गस्त चुकवून, रेल्वेमार्ग आणि कुंपणे ओलांडून अर्धा मैल शेतात जातो, जनावर शोधून अचूक चिरतो आणि परत येऊन कुलूपबंद खोलीत झोपतो? नायककथेतला हा प्रसंग मात्र खरा आहे. जो डॉक्टरी व्यवसाय डॉयल यांना जमला नाही, त्याचे शिक्षण इथे उपयोगी पडले.

१९/
११ आणि १२ जानेवारी १९०७ रोजी ‘डेली टेलिग्राफ’मध्ये त्यांचा दीर्घ लेख आला. त्यावर स्वामित्वहक्क ठेवला नव्हता; कोणीही छापावा. एका शब्दाला सोन्याचा भाव मिळणाऱ्या लेखकाने शब्द फुकट वाटले, याचे मोल कमी नाही. पुरावा एकेक करून सोलून काढणारा तो लेख आजही वाचण्यासारखा आहे. पण त्याच लेखात, उद्धट खेडवळ वस्तीत काळा धर्मगुरू आणि त्याचा मिश्रवर्णी मुलगा आणून ठेवल्यास काहीतरी अप्रिय घडणारच, असा सूर आहे; आणि असा प्रयोग पुन्हा होऊ नये, अशी इच्छाही डॉयल यांनी व्यक्त केली आहे. अन्यायाचे कारण म्हणून त्यांना वर्णद्वेष दिसला. उपाय मात्र सुचला तो शापुरजींसारख्यांना तिथे नेमूच नये, हा. जॉर्ज यांना स्वतःला, माझा छळ माझ्या वर्णामुळे झाला, ही मांडणी पटत नसे. ते स्वतःला इंग्रजच समजत. कायद्यावरचा त्यांचा विश्वास इंग्रजांहून जास्त इंग्रजी होता.

२०/
लेखाने खळबळ माजली. गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी तिघांची समिती नेमली. बैठका बंद दाराआड झाल्या. तिघांपैकी सर आल्बर्ट द रुट्झेन हे पोलीसप्रमुख ॲन्सनचे नातेवाईक निघाले. (काय निवड!) मे १९०७ मध्ये अहवाल आला: जनावर चिरल्याचा दोषनिर्णय समाधानकारक नव्हता, सबब माफी. मात्र निनावी पत्रे एदलजींनीच लिहिली असावीत, त्यामुळे त्यांनी हे संकट काही अंशी स्वतःच ओढवून घेतले. सबब नुकसानभरपाई नाही.

२१/
हा अहवाल म्हणजे या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. ज्या हस्ताक्षरतज्ज्ञाचा शब्द बेक प्रकरणात तीन वर्षांपूर्वी धुळीला मिळाला, त्याच्याच मताची पडछाया इथे पुन्हा उभी केली गेली. जी पत्रे जॉर्ज यांना अडकवण्यासाठी लिहिली होती, ती त्यांच्याच गळ्यात बांधली. सरकारने चूक मान्य केली, पण अशा शब्दांत की दोषाचा डाग पुसला जाऊ नये आणि एकाही अधिकाऱ्याला जाब द्यावा लागू नये. ‘तुला आम्ही चुकून मारले, पण मार खाण्याजोगे तू काहीतरी केले असशीलच.’ डॉयल संतापले. पुढची अनेक वर्षे ते गृहखात्याशी भांडत राहिले आणि दर वेळी हरले. माझ्या लेखी त्यांचे खरे मोठेपण या हरलेल्या वर्षांत आहे. ज्या राज्यासाठी पाच वर्षांपूर्वी पुस्तिका लिहिली, त्याचेच दार ते ठोठावत होते आणि आतून कोणी उघडत नव्हते.

२२/
आणि आता जो भाग नायककथा सर्वांत चवीने सांगते: ‘खरा गुन्हेगार शोधला’. डॉयल यांनी गृहखात्याला एक नाव कळवले, रॉयडन शार्प. पुरावा काय? तो वॉल्सॉलच्या त्या शाळेत शिकला होता. खाटकाकडे उमेदवारी केली होती. गुरे वाहणाऱ्या जहाजावर काम केले होते. आणि घोड्यांच्या शस्त्रक्रियेचा मोठा नस्तर त्याने एका शेजारणीला दाखवला होता. होम्सच्या कथेत एवढ्यावर गुन्हेगार खुर्चीवरून उठून कबुली देतो. वास्तवात हा परिस्थितीजन्य धाग्यांचा गुंता होता, सिद्ध काहीच झाले नाही, आणि गृहखात्याने तो नाकारला. त्या एका बाबतीत गृहखाते चुकले, असे म्हणता येत नाही. चारित्र्य, धंदा आणि शेजाऱ्यांची कुजबुज यांच्या आधारे माणसाला दोषी ठरवणे, हेच तर ॲन्सनने जॉर्ज यांच्या बाबतीत केले होते. डॉयल यांचे चाहते हा प्रसंग टाळतात. मला तो टाळावासा वाटत नाही, कारण निर्दोष माणसाचा बचाव करण्यासाठी दोषी माणूस हजर करावा लागत नाही, एवढी साधी गोष्ट गुप्तहेरकथेच्या सवयीने त्यांच्या नजरेआड केली.

२३/
ॲन्सनचे काय झाले? काहीच नाही. तो पदावर राहिला. २०१५ मध्ये त्याची काही पत्रे लिलावात आली, त्यांतून कळले की डॉयल यांची फजिती करण्यासाठी त्याने स्वतः बनावट पत्राचा सापळा रचला होता. निनावी पत्रांच्या तपासात दुसऱ्यावर आळ घेणारा पोलीसप्रमुख खोटी पत्रे बनवत होता! कादंबरीत कोणी असे लिहिले तर संपादक ‘फार सोयीस्कर’ म्हणून कापून टाकील. १९३४ मध्ये त्याच पंचक्रोशीतील एनॉक नोल्स नावाचा कामगार धमकीच्या पत्रांबद्दल पकडला गेला, तेव्हा १९०३ च्या प्रकरणातील काही पत्रेही आपण लिहिल्याचे त्याने कबूल केले.

२४/
राहिले अपील न्यायालय. इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाची मागणी अनेक दशकांची होती, संसदेत त्यावर वारंवार विधेयके आली आणि पडली होती. बेक प्रकरणाने ती पेटवली, एदलजी प्रकरणाने तीत तेल ओतले, आणि १९०७ मध्ये कायदा झाला. न्यायालय १९०८ मध्ये सुरू झाले, ते पुढच्या शिक्षांसाठी. जुन्या दोषनिर्णयांना तिथे प्रवेश नव्हता. ज्याच्या दुःखाने त्या कायद्याला गती दिली, त्याच्यासाठी दार बंदच राहिले.

२५/
‘तेव्हाचा कायदाच तसा होता, कोण काय करणार?’ असे म्हणणाऱ्यांसाठी डॉयल यांच्याच आयुष्यातले दुसरे प्रकरण. ग्लासगोमध्ये १९०८ च्या डिसेंबरात मेरियन गिलख्रिस्ट या वृद्धेचा खून झाला. ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यूला दोषी ठरवून फाशी सुनावली गेली, ती नंतर जन्मठेपेवर आली. डॉयल यांनी १९१२ मध्ये त्याच्यासाठीही पुस्तिका लिहिली. संशय व्यक्त करणारा पोलीस अधिकारी जॉन ट्रेंच नोकरीतून बडतर्फ झाला. स्लेटर साडेअठरा वर्षे तुरुंगात राहिला.

२६/
१९२७ मध्ये तो सुटला. स्कॉटलंडचे फौजदारी अपील न्यायालय १९२६ च्या कायद्याने आलेले, तेही जुन्या शिक्षांना बंद. मग संसदेने काय केले? त्या कायद्यात दुरुस्ती करून स्लेटरचा खटला तिथे नेण्याची वाट काढली. १९२८ मध्ये दोषनिर्णय रद्द झाला आणि ६,००० पौंडांची भरपाई मिळाली. (त्या पैशांतून खटल्याचा खर्च परत करावा, असा डॉयल यांचा आग्रह, स्लेटरने नकार दिला, दोघांचे कायमचे बिनसले. लेखक आणि त्याने वाचवलेला माणूस यांचा हा शेवट कोणत्याही धाग्यात येत नाही.)

२७/
म्हणजे संसदेला वाटले तर मागे जाऊन दार उघडता येत होते. १९२८ मध्ये जॉर्ज एदलजी हयात होते, बावन्न वर्षांचे होते, लंडनमध्ये वकिली करत होते. त्यांच्यासाठी कोणी कायद्यात दुरुस्ती केली नाही. ॲडॉल्फ बेकला ५,००० पौंड मिळाले होते. स्लेटरला ६,०००. बेक आणि स्लेटरवरही परदेशीपणाचा ठपका होताच, तेव्हा फरक केवळ वर्णाचा होता असे म्हणणे अतिसोपे होईल. बेकच्या बाबतीत खरा गुन्हेगार हाती लागला होता, स्लेटरच्या बाबतीत न्यायालयाने निर्णय रद्द केला. जॉर्ज यांच्या बाबतीत एका बंद खोलीतील समितीने एक वाक्य लिहून ठेवले, आणि पुढच्या प्रत्येक मंत्र्याने त्या वाक्याच्या आड आसरा घेतला.

२८/
मग डॉयल यांनी काहीच मिळवले नाही का? मिळवले. माफी त्यांच्या लेखाशिवाय इतक्या लवकर आली नसती. ‘डेली टेलिग्राफ’च्या वाचकांनी सुमारे ३०० पौंडांचा निधी जमवला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोव्हेंबर १९०७ मध्ये विधिज्ञ संस्थेने जॉर्ज यांना सनद परत दिली. ज्यांना कायदा कळतो त्या लोकांनी त्यांना आपल्यात परत घेतले, म्हणजे समितीच्या त्या वाक्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्याच सप्टेंबरात डॉयल यांच्या दुसऱ्या विवाहाच्या समारंभाला जॉर्ज निमंत्रित होते. डॉयल यांनी त्यांना सन्मानाने बोलावले, ते आले.

२९/
म्हणून विनंती अशी: पुढच्या वेळी ती गोष्ट ‘शेरलॉकने भारतीयाला वाचवले’ या मथळ्याने तुमच्यासमोर आली तर ती पुढे ढकलण्यापूर्वी शापुरजी, शार्लट, मॉड, येल्व्हर्टन आणि त्या दहा हजार सह्यांविषयी विचारा. समितीच्या अहवालाविषयी विचारा. आणि रॉयडन शार्पविषयी जरूर विचारा.

३०/
शापुरजी एदलजी १९१८ मध्ये, व्हिकर असतानाच, ग्रेट वायर्लीत वारले. त्यांनी ते गाव शेवटपर्यंत सोडले नाही. डॉयल १९३० मध्ये गेले. जॉर्ज एदलजी बहीण मॉडसोबत वेल्विन गार्डन सिटी येथे राहत, आणि तिथेच १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत भरपाई मिळाली नाही, आणि १९०७ च्या अहवालातील पत्रांविषयीचे ते वाक्यही कोणी मागे घेतले नाही.